चीर कुठे घेणार, ते आधी विचारा

वृषणाच्या कॅन्सरबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही. एक तर हा आजार दुर्मीळ आहे. भारतात वर्षाला दर लाख पुरुषांमागे एक नवा रुग्णसुद्धा सापडत नाही. दुसरी अडचण जागेची आहे. पोट दुखलं तर आपण चारचौघांत सांगतो, गुडघा दुखला तर शेजाऱ्याला औषध विचारतो, पण खालची गोटी मोठी झाली हे तरुण मुलगा सख्ख्या भावालाही सांगत नाही. म्हणून आधी शब्दांचा घोळ मिटवू. बाहेरची कातडीची पिशवी म्हणजे अंडकोष. तिच्या आत ज्या दोन गोट्या असतात ती वृषणं. कॅन्सर होतो तो वृषणाला, पिशवीला नाही. पुढचं सगळं भांडण या एका फरकावर उभं आहे.

भांडण म्हणतो, कारण आज मला भांडूनच लिहायचं आहे. शरीरात पसरल्यावरसुद्धा बहुतेक वेळा पूर्ण बरा होणारा कॅन्सर कोणता असं विचारलं तर कुठलाही कॅन्सरतज्ज्ञ याचं नाव आधी घेईल. वृषणापुरताच असताना सापडला तर जवळपास सगळे रुग्ण बरे होतात. पण याच कॅन्सरची पहिली शस्त्रक्रिया आपल्याकडे अजूनही कित्येकदा चुकीच्या जागेतून होते, चुकीच्या आजाराचं नाव लावून होते, आणि रुग्णाला काहीच न सांगता होते. यातली एकही गोष्ट पैशाअभावी होत नाही. मशीन नाही, महागडं औषध नाही, म्हणून होत नाही. केवळ सवयीने होते.

तर माझं म्हणणं असं. पंधरा ते चाळीस वयाच्या पुरुषाच्या वृषणात न दुखणारी, टणक गाठ लागली, तर तो कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत तो कॅन्सरच समजायचा. त्या गाठीत सुई टोचायची नाही. आणि ती गाठ अंडकोषाची पिशवी कापून काढायची नाही, जांघेतून काढायची.

माहेर मूत्रपिंडाजवळ

जांघेतूनच का, हे एकदा नीट समजून घ्या. बाळ आईच्या पोटात असताना वृषणं खाली नसतात. ती तयार होतात पाठीच्या बाजूला, मूत्रपिंडांच्या शेजारी. मग हळूहळू पोटातून खाली सरकत, जांघेतल्या बोगद्यातून पुढे येऊन पिशवीत उतरतात. येताना आपल्या रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या सोबत ओढत आणतात, विहिरीत सोडलेल्या बादलीला दोर असतो तशा. म्हणजे वृषण नांदतं पिशवीत, पण त्याचं सगळं देणंघेणं माहेरी, मूत्रपिंडाजवळ चालू राहतं.

पिशवीच्या कातडीचं तसं नाही. ती मूळची तिथलीच. तिच्या लसिकावाहिन्या जांघेतल्या गाठींकडे जातात.

आता कॅन्सरच्या पेशी कुठल्या वाटेने जातील? वृषणातल्या पेशी दोराने वर, थेट पोटात, महाधमनीच्या आजूबाजूच्या लसिका ग्रंथींपर्यंत. ही वाट आम्हाला ठाऊक आहे. कुठे शोधायचं, कुठे सीटी स्कॅन करायचा, कुठल्या ग्रंथी काढायच्या, सगळं या एका वाटेवर ठरलेलं आहे. या आजाराचे उपचार इतके नेमके होऊ शकले त्याचं एक कारण हेच की तो बहुधा ठरलेल्या रस्त्याने जातो. पण सर्जनने पिशवी कापून वृषणाला हात घातला, किंवा कोणी पिशवीतून सुई आत घातली, की त्या पेशींना दुसऱ्या गावाचा रस्ता आपणच खुला करून देतो. जखमेत, कातडीत, आणि तिथून जांघेत.

योग्य शस्त्रक्रिया अशी असते. जांघेच्या घडीच्या थोडं वर, हर्नियाच्या ऑपरेशनला घेतात साधारण तशी चीर. आधी दोर शोधायचा, पोटातून तो बाहेर येतो तिथेच चिमट्याने बंद करायचा, मग पिशवी खालून दाबून वृषण अख्खंच्या अख्खं, त्याच्या आवरणांसकट, वर जांघेच्या जखमेतून बाहेर घ्यायचं. पिशवीला बाहेरून टाकाच नाही. दोर जितका वर शक्य तितका वर कापायचा आणि उरलेलं टोक न विरघळणाऱ्या धाग्याने बांधायचं, कारण पुढे कधी पोटातल्या ग्रंथी काढायची वेळ आली तर त्या सर्जनला ते टोक सापडलं पाहिजे. तासाभराचं काम. बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात. हर्नियाचं ऑपरेशन नीट करणाऱ्या कुठल्याही सर्जनच्या हाताबाहेरचं हे नाही. म्हणूनच ते चुकलेलं पाहिलं की संताप येतो.

पण डॉक्टर, सुई टोचायला तर तुम्हीच सांगता

हो, सांगतो. या ब्लॉगवर मी कितीदा तरी लिहिलं आहे की सुईच्या तपासणीने कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढा. स्तनातली गाठ असो, मानेतली गाठ असो, तुकडा तपासल्याशिवाय उपचार सुरू करू नका. ते मी आजही म्हणतो. उद्या कोणी हा लेख दाखवून आईची स्तनाची बायोप्सी नको म्हणाला, तर त्याने लेख अर्धाच वाचला असं मी समजेन.

वृषण हा अपवाद आहे, आणि अपवादाचं कारण वर सांगितलंच. शिवाय इथे सुईची गरजच पडत नाही. सोनोग्राफी गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर हे जवळपास नेहमी सांगते. बाहेरची गाठ, म्हणजे पाण्याची पिशवी किंवा शुक्रवाहिनीच्या बाजूची छोटी गाठ, सहसा साधी असते. आतली टणक गाठ सहसा साधी नसते. त्याबरोबर रक्ताच्या तीन तपासण्या करायच्या, एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. गाठीचा तुकडा मिळत नाही असं नाही, तुकड्याऐवजी अख्खं वृषणच तपासायला मिळतं.

रक्ताच्या या तपासण्यांबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. त्या ऑपरेशनच्या आधी व्हायला हव्यात. गाठ काढल्यावर बीटा एचसीजी साधारण दर दीड दिवसाला निम्मं होतं, एएफपी पाच ते सात दिवसांनी. ते ठरल्या वेगाने उतरलं, तर बाहेर काही उरलेलं नसण्याची शक्यता वाढते. उतरलं नाही, किंवा चढलं, तर कुठेतरी पेशी शिल्लक आहेत. पण आधीचा आकडाच नसेल तर उतार मोजणार कशावरून? ऑपरेशन झाल्यावर माझ्याकडे येणाऱ्या फायलींत बऱ्याचदा सगळं असतं, ईसीजी असतो, एचआयव्ही असतो, साखर असते. नेमके हे तीन आकडे नसतात. आणि हे कमी की काय, म्हणून वैद्यकीय फिटनेसचं पत्र मात्र दोन दोन डॉक्टरांचं असतं.

'पाणी आहे, काढून टाकू'

चुकीची चीर बहुतेक वेळा सुरू होते ती हायड्रोसीलपासून. अंडवृद्धी, गावाकडे 'पाणी झालंय' म्हणतात ती. वयस्कर माणसात ती सर्रास दिसते आणि तिचं ऑपरेशन पिशवी उघडूनच करतात, ते बरोबरही आहे. वृषणाला पीळ पडला, अचानक असह्य दुखायला लागलं, तर तेव्हाही पिशवी उघडावी लागते, आणि तीही तासांच्या हिशोबाने, कारण सहा तासांनंतर वृषण वाचण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. म्हणजे पिशवीला हात लावणं हे पाप आहे असं माझं म्हणणं नाही. आत गाठ आहे का हे न बघता लावणं, हे आहे.

कारण कॅन्सरच्या गाठीभोवतीही पाणी साचतं. पंचवीस वर्षांच्या मुलाला एक-दोन महिन्यांत 'पाणी' झालं, तर ते का झालं हा प्रश्न पडलाच पाहिजे. पाण्यामुळे आतलं वृषण हाताला नीट लागत नाही, म्हणून तर सोनोग्राफी हवी. माझ्याकडे एक तरुण आला होता, सतत पाठ दुखते म्हणून. पिशवीवर जुना टाका दिसला. आठ महिन्यांपूर्वी एका लहान रुग्णालयात हायड्रोसीलचं ऑपरेशन झालं होतं. त्याआधी सोनोग्राफी नाही. आत टणक लागलं म्हणून 'थोडा भाग' काढला होता, आणि तो तपासायला पाठवल्याचा कागद कुठेच नव्हता. पाठ दुखत होती ती पोटात महाधमनीशेजारी वाढलेल्या ग्रंथींमुळे. मुलगा केमोने बरा झाला, हे आधीच सांगतो, पण त्याला केमोच्या जास्त फेऱ्या लागल्या आणि पिशवीच्या त्या जखमेसाठी वेगळं ऑपरेशन करावं लागलं.

यावर काही सर्जन मित्र मला सांगतात की तू उगाच बाऊ करतोस, पिशवीतून ऑपरेशन झालं तरी पुढचे उपचार नीट केले तर रुग्ण जगतोच. त्यांचं म्हणणं खोटं नाही, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. जुन्या रुग्णांच्या नोंदी एकत्र करून तपासल्या गेल्या आहेत. जांघेतून काढल्यावर त्या जागी आजार परत येण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. पिशवी उघडली असेल तर ते तीन टक्क्यांच्या आसपास जातं. जगण्याच्या प्रमाणात मोठा फरक दिसत नाही. पण फरक का दिसत नाही? कारण नंतर कोणीतरी जास्तीचा सीटी केला, जास्तीची शस्त्रक्रिया केली, किंवा जास्तीची केमो दिली. आपण सांडलेलं दुसऱ्याने पुसलं. आणि ती किंमत बावीस वर्षांच्या मुलाच्या शरीराने मोजली, आपण नाही. चीर पाच इंच वर घेतली असती तर यातलं काही करावं लागलं नसतं. ज्या चुकीला कसलाही फायदा नाही, ती 'फार नुकसान होत नाही' म्हणून चालवून का घ्यायची?

दुसरी सवय प्रतिजैविकांची, आणि ती आम्हा फिजिशियन मंडळींच्या दवाखान्यांतली. वृषण सुजलं की संसर्ग समजून गोळ्या. पहिल्या वेळी ठीक आहे, ताप असेल, लघवीला जळजळ असेल, दुखत असेल तर संसर्गच जास्त संभवतो. पण दोन आठवड्यांत सूज उतरली नाही तर दुसरी गोळी लिहायची नाही, सोनोग्राफी लिहायची. तिसऱ्या गोळीपर्यंत जाणाऱ्या डॉक्टरला तुम्ही सरळ विचारा, हे वृषणाच्या आत आहे की बाहेर? उत्तर येत नसेल तर फी देऊन उठा.

'क्रिकेट खेळताना चेंडू लागला होता' हे वाक्यही फसवतं. माराने कॅन्सर होत नाही. मार लागल्यावर हात जातो आणि आधीपासूनची गाठ तेव्हा पहिल्यांदा लागते, इतकंच. काही वेळा गाठ लक्षात येण्याआधी छाती सुजते, निप्पलखाली दुखरी गाठ येते, कारण बीटा एचसीजी हे गरोदरपणात वाढणारं संप्रेरक काही गाठी स्वतःच तयार करतात. अशा मुलाला क्रीम लिहून देण्याआधी त्याची पँट उतरवून तपासावं लागतं. लाजतं कोण? माझ्या अनुभवात मुलगा कमी, डॉक्टर जास्त.

ज्याचं वृषण लहानपणी खाली उतरलंच नव्हतं, त्याच्यात हा धोका काही पटींनी जास्त असतो. 'मोठा झाला की उतरेल' असं सांगणाऱ्या आजीचं ऐकू नका. सहा महिन्यांपर्यंत उतरलं नाही तर त्यानंतर सहसा आपोआप उतरत नाही, आणि दीड वर्षाच्या आत ते खाली आणून बसवायचं असतं. तेराव्या वर्षानंतर ऑपरेशन झालेल्यांत कॅन्सरचा धोका त्याआधी झालेल्यांच्या जवळपास दुप्पट दिसला आहे.

त्याला सांगू नका

आता घरच्यांशी भांडतो. ओपीडीत असा मुलगा एकटा येत नाही, किंवा आला तर परत पाठवलेला असतो, 'बाबांना घेऊन ये.' बाबा येतात, बरोबर काका, मामा. मुलाला बाहेर बसवतात आणि मला सांगतात, डॉक्टर, त्याला कॅन्सर म्हणू नका. त्याचं लग्न जमतंय. एक काढलं तर मुलीकडचे काय म्हणतील? गोळ्यांनी जिरेल असं काही नाही का? कोणीतरी जडीबुटीवाला सांगितलेला असतोच, आणि त्याच्याकडे एक-दोन महिने गेलेलेही असतात.

काही प्रकारच्या गाठी आठवड्यांत दुप्पट होतात. त्या दोन महिन्यांत वृषणापुरता असलेला आजार फुप्फुसात पोचू शकतो. आणि ज्याच्या शरीराबद्दल बोलणं चाललंय तो मुलगा कायद्याने सज्ञान आहे, मतदान करतो, दुचाकी चालवतो, बाहेरच्या बाकावर बसलाय. मी त्याला आत बोलावतो. काकांना राग येतो. येऊ दे.

त्याला जे सांगायचं ते असं. एक वृषण काढल्याने पुरुषत्व जात नाही. दुसरं निरोगी असेल तर बहुतेकांना पुरेसं टेस्टोस्टेरॉन मिळतं, दाढी, आवाज, इच्छा, संबंध, सगळं तसंच राहतं. थोड्या लोकांना पुढे संप्रेरक कमी पडतं, ते रक्ततपासणीत कळतं आणि बाहेरून देता येतं. मूलही होऊ शकतं. रिकामी जागा डाचत असेल तर सिलिकॉनचं कृत्रिम वृषण बसवता येतं, त्याच ऑपरेशनमध्ये किंवा नंतर. एकच वृषण असेल, किंवा दोन्हीकडे छोटी गाठ असेल, तर काही निवडक रुग्णांत फक्त गाठ काढून वृषण वाचवण्याचा विचार होतो, पण तोही जांघेतूनच आणि अनुभवी केंद्रातच.

आणि वीर्य साठवून ठेवा. हे मी प्रत्येकाला म्हणतो, अविवाहितालाही, दोन मुलं असलेल्यालाही. शक्यतो ऑपरेशनच्या आधी, आणि केमोच्या आधी तर नक्कीच. या आजारात अनेकांचं वीर्य आधीच क्षीण झालेलं असतं, आणि सिस्प्लॅटिनने शुक्राणू काही काळ खूप घटतात. अनेकांचे एक-दोन वर्षांत परत येतात, काहींचे येत नाहीत. नमुना द्यायला एक-दोन दिवस लागतात, उपचार अडत नाही. तरीही हा विषय काढायला डॉक्टरांची जीभ रेटत नाही, वडिलांसमोर कसं बोलायचं म्हणून. मग वडिलांना बाहेर बसवा. मघाशी त्यांनी मुलाला बसवलंच होतं.

ऑपरेशन झालं, म्हणजे झालं असं नाही

१९७४ च्या आधी हा आजार शरीरात पसरला की दहातला जेमतेम एखादा वाचायचा. त्या वर्षी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचं औषध आणखी दोन औषधांबरोबर दिलं, आणि जॉन क्लेलंड हा फुप्फुसापर्यंत कॅन्सर गेलेला तरुण त्यातून बरा झाला. तिथून चित्र पालटलं. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये निदान झालं तेव्हा आजार फुप्फुसात आणि मेंदूत गेला होता, आणि तोही त्याच विद्यापीठाच्या रुग्णालयातून बरा होऊन बाहेर पडला. पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात त्याची पदकं गेली, तो भाग वेगळा. ही औषधं आज भारतात सहज मिळतात, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे.

पण त्यासाठी रुग्णाने परत यावं लागतं. गाठ वृषणापुरतीच होती असं सीटीत दिसलं, तर अनेकांना पुढे फक्त लक्ष ठेवणं पुरतं. मात्र सेमिनोमा या प्रकारात अशा १५ ते २० टक्के रुग्णांत आणि इतर प्रकारांत २५ ते ३० टक्के रुग्णांत आजार पुढे डोकं वर काढतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत. वेळापत्रकाप्रमाणे रक्त आणि सीटी करत राहिलं तर तो लहान असतानाच सापडतो आणि जवळपास सगळे बरे होतात. टाके वाळले, पोरगा परत कामावर पुण्याला नाहीतर आखातात गेला, फोन बदलला, असं झालं की मग मात्र कठीण. केमोनंतर पोटातल्या ग्रंथी पूर्ण विरल्या नाहीत तर सेमिनोमा सोडून इतर प्रकारांत त्या काढाव्या लागतात. हे मोठं ऑपरेशन आहे, महाधमनीच्या कडेकडेने चालतं, आणि वीर्य बाहेर पडण्याच्या नसा त्याच भागात असतात. त्या वाचवून ते करण्याचं तंत्र आहे. पण हे ऑपरेशन जिल्ह्याच्या ठिकाणी नको. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या, हे नेहमी करणाऱ्या केंद्रातच जा.

आणि ती बरणी. आपल्याकडे बऱ्याच लहान रुग्णालयांत काढलेला भाग फॉर्मालिनच्या बरणीत घालून नातेवाइकांच्या हातात देतात, लॅबमध्ये नेऊन टाका म्हणून. ती बरणी रात्रभर कोणाच्या तरी मोटरसायकलच्या डिकीत राहते, कधी खर्च वाचवायला पोचतच नाही. गाठ कुठल्या प्रकारची, किती खोल गेलेली, रक्तवाहिन्यांत शिरलेली आहे का, दोराचं टोक मोकळं आहे का, पुढचा प्रत्येक निर्णय त्या बरणीत आहे. ती त्याच दिवशी पोचवा. लॅबची पावती घ्या. आठवड्या-दीड आठवड्याने रिपोर्ट येईल. त्याबरोबर मेणातले ठोकळे आणि काचपट्ट्या मागून घ्या, कारण मोठ्या केंद्रात गेल्यावर त्या पुन्हा बघतात. सगळं एका फायलीत ठेवा, ऑपरेशनच्या आधीचे ते तीन आकडे सगळ्यात वर.